आतून कडी लागणारं दार

प्रिय आत्याबाई,

हे 'प्रिय' ऐकून तुम्ही पदर तोंडाला लावून हसला असता. लग्न होऊन आले त्या दिवसापासून सासू म्हणून तुम्हाला आत्याबाईच म्हणत आले. प्रिय म्हणायची वेळ कधी आली होती? एक तर तुमचं माझ्यावर डाफरणं चालू असायचं, नाही तर माझं तुमच्यावर फुगून बसणं.

आज सकाळी देव्हाऱ्याखालचं फडताळ आवरायला घेतलं आणि मागे तुमचा नारळ सापडला. लाल फडक्यात बांधलेला, वर हळदीकुंकवाचा वाळलेला ठिपका. हलवून पाहिला तर आत खडखडला. पाणी आटून गोटा सुटलाय. तिथेच फरशीवर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. म्हणून हे पत्र.

आठवतंय ना, मी सरपंच झाले तेव्हा गावाचा आराखडा करायला ग्रामसेवक आपल्याच ओसरीवर बसले होते? मी एकेक काम सांगत होते. वेशीला कमान, चौकात मोठे दिवे, सभामंडप. तुम्ही शेंगा फोडत बसला होतात. मान वर न करता म्हणालात, "आधी दवाखाना लिव्हा. दोन खोल्याच असू द्या, पण दार लावा. आतून कडी लागंल असं दार."

ग्रामसेवक हसले. मीही हसले. दाराची कडी काय आराखड्यात लिहायची असते?

पण तुम्हाला काय म्हणायचं होतं, ते गावातल्या प्रत्येक बाईला कळलं होतं. आरोग्य उपकेंद्राला जागा नाही म्हणून सिस्टर दर मंगळवारी मारुतीच्या ओट्यावर बसायच्या. समोर पारावर माणसांचे पत्ते चालायचे. बाईनं तिथं बाही वर करून दंडाला पट्टा बांधून घ्यायचा. गरोदर सुनांनी तर नुसतं उभं राहायचं आणि न तपासता परत यायचं. "माझा दंड काय पारावर मांडायचा हाय का?" असं म्हणून तुम्ही बीपी तपासायला रिक्षानं झरीच्या दवाखान्यात जायचात. चांगली होती तुमची तऱ्हा!

तरी मी दवाखाना पहिल्या नंबरवर लिहिला. त्याच्यामागे किती हिंडले ते तुम्ही पाहिलंय. परभणीच्या ऑफिसात उभी राहून राहून पाय सुजायचे आणि घरी आल्यावर तुम्ही न बोलता गरम पाण्याची बादली आणून ठेवायचात. मंजुरीचा कागद आला त्या दिवशी तुम्ही बाजारातून हा नारळ आणलात. "ह्यो माझा," म्हणालात. "कुदळ मारायच्या दिवशी ह्योच फोडायचा."

मग मी काय केलं?

लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. ठेकेदारानं खडी टाकली, लोखंड आणलं, चुना मारून आखणी केली. आणि मी आमदारसाहेबांच्या तारखेसाठी थांबले. निधी साहेबांनी आणलेला, मग नारळ त्यांच्या हातानं फुटायला नको का? आपल्याकडे असंच चालतं, असं मी तुम्हाला ऐकवलं. कोनशिलासुद्धा कोरून आणली. वर साहेबांचं नाव, खाली माझं, तारखेची जागा तेवढी कोरी. माझं ते कोरलेलं नाव मी दोनदा पदरानं पुसलं होतं, आत्याबाई. खोटं कशाला बोलू? मंडपात घालायला मोरपंखी साडीही घेतली होती.

साहेबांचा एक रविवार गेला, दुसरा गेला. ग्रामसेवक स्वतः घरी येऊन सांगून गेले, "ताई, आचारसंहिता लागायलीय. उगं कुदळ मारून काम चालू करा. चालू कामाला कुणी अडवत न्हाई." ते गेल्यावर तुम्ही माझ्यासमोर येऊन उभ्या राहिलात. "त्याची वाट कशाला बघायलीस? त्यो काय इथं बीपी तपासायला येणार हाय व्हय? दे इकडं, मी फोडते नारळ."

मी म्हणाले, "आत्याबाई, राजकारणातलं तुम्हाला कळत नाही."

शुक्रवारी आचारसंहिता लागली. साहेब रविवारी येणार होते.

दोन महिने सगळं बंद. ती उठेपर्यंत ठेकेदार दुसऱ्या कामावर गेला होता. मग पावसाळा आला. आखणीचा चुना वाहून गेला आणि खडीच्या ढिगावर शेळ्या चढायला लागल्या. तुम्ही एकदासुद्धा 'मी सांगितलं होतं' म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर बरं झालं असतं! मी भांडले असते, तुम्हीही भांडला असतात आणि बोलता बोलता गोळ्यांचा विषय निघाला असता.

कारण गोळ्या संपल्या होत्या. भादव्यातल्या त्या सकाळी कप तुमच्या हातातून निसटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. परभणीला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, बीपीची गोळी चालू होती ना? मी छातीठोकपणे हो म्हणाले. तिसऱ्या दिवशी तुम्हाला घरी आणलं ते तसंच, चादरीत गुंडाळून. मग तुमच्या उशाखाली रिकामी पाकिटं सापडली. का सांगितलं नाहीत मला? पावसात झरीला जाणं होत नव्हतं, तर एक शब्द टाकायचा! सून सरपंच झाली म्हणून तिला गोळ्या आणायला सांगायची लाज वाटली, की माझ्यावर रुसला होतात?

दहाव्याला सिस्टर आल्या होत्या. म्हणाल्या, "आजी मंगळवारी यायच्या ताई. पण लांबनंच बघायच्या, पारावर माणसं दिसली की माघारी जायच्या."

दवाखाना उभा असता तर तुम्ही वाचला असतात का? डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, असं सांगता येत नाही. पण तुम्ही दारातून माघारी गेला नसतात, एवढं मला कळतं. ते गिळता येत नाही.

आता ऐका, नवीन काय झालं ते. ठेकेदार परत आलाय. आणि आज दुपारी, तुमचा नारळ मांडीवर असतानाच, साहेबांच्या माणसाचा फोन आला. "येत्या रविवारी साहेब वेळ काढायलेत. मंडप चांगला टाका." सवयीनं माझ्या तोंडून 'हो' निघालं. हो म्हणाले मी, आत्याबाई! फोन ठेवला आणि मांडीवर नारळ खडखडला.

लगेच उलटा फोन लावला. म्हटलं, काम उद्याच सुरू होतंय. साहेबांना उद्घाटनाला बोलावू, तेव्हा सावकाश यावं. पलीकडून, "बघा ताई, तुमची मर्जी," आणि फोन बंद.

हे शेजारीच बसले होते. गावात यांनाही सरपंचच म्हणतात, ठाऊक आहे ना तुम्हाला? चेहरा पार उतरला. "साहेब नाराज झाले तर पाण्याच्या टाकीचं काय? पुढचं एक काम मिळायचं न्हाई." खरं आहे त्यांचं. मलाही भीती वाटते. मी नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी फडकं ओळखलं, तुमच्याच जुन्या लुगड्याचं होतं. मग उठले आणि म्हणाले, "कुदळ कुठं ठिवलीय?"

तर आत्याबाई, हा माझा शब्द. उद्या सकाळी मंडप नाही, हार नाहीत. दर मंगळवारी ओट्यावरनं माघारी जाणाऱ्या बायांना बोलावलंय. गोटा झालेला नारळ भूमिपूजनाला चालतो की नाही, मी कुणाला विचारणार नाही. तोच फोडीन आणि त्याचं खोबरं सगळ्याजणींच्या हातावर ठेवीन. कोनशिला भिंतीत बसणार नाही. नावाची बाजू मातीत घालून ती दारापुढची पायरी करायला सांगितलीय.

आणि ठेकेदाराच्या कागदावर शेवटी मी माझ्या हातानं एक ओळ लिहिलीय. तो हसला नाही. दाराला आतून कडी.

तुमचं न ऐकलेली,
तुमची सून
सुनंदा