वैशालीचे गाल

३ फेब्रुवारी, मोहने
वैशालीच्या लघवीतलं प्रोटीन उतरलं! डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळ्या अशाच चालू राहिल्या तर किडनी वाचेल." एकही चुकणार नाही — मीच आधी बोललो. ल्युपस, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार, मी वाचून वाचून शिकलो, मोटर वाइंडिंग शिकलो तसाच. क्लास कसलाच नाही.

ठाण्याच्या ओपीडीत डोंबिवलीची नीरजा भेटली, सोबत नवरा सलिल. आजार तोच, गोळ्या त्याच. पण तिचा भाऊ डॉक्टर. तिच्या गोऱ्या गालांवर लाली दिसली — महिन्यात निदान. माझ्या बायकोला दोन वर्षं संधिवाताची मलमं, मग टीबीची शंका. सावळ्या गालावरची लाली कोण बघतो! कळलं तोवर आजाराने किडनी पकडलेली. नीरजाची अजून धडधाकट. हेवा वाटला, खोटं कशाला लिहू.

९ फेब्रुवारी
गोळ्यांतल्या स्टिरॉइडने वैशालीचा चेहरा गोल झालाय. नळावर शेजारच्या भीमाबाई — "काय गं, गाल भरले! सुदेश तूप पाजतो वाटतं?" वैशाली लाजली. मी समजवायला गेलो, ही तब्येत नव्हे, औषधाची सूज. "तू गप रे मास्तर! लग्न होऊन आली तेव्हा काडी होती. आता कुठे सुखाची दिसतेय."
चूक ती चूक. पण हल्ली वैशाली न सांगता गोळी घेते. दुरुस्ती केली नाही.

६ मार्च
पुन्हा ठाणे. नीरजाने मास्क डोळ्यांपर्यंत ओढलेला. दिराचं लग्न आहे म्हणे. वैशालीला म्हणाली, "ऑफिसात सगळे विचारतात, काय खातेस तरी काय!" वैशाली हसली — "अगं, मलाही तेच विचारतात!"
नीरजा हसली नाही.

१४ एप्रिल
जयंतीची मिरवणूक. उन्हाने आजार उसळतो, म्हणून वैशालीला ऊन उतरल्यावरच नेलं, पूर्ण बाह्यांच्या ब्लाउजात. निळी साडी. मनसोक्त फोटो काढले. सासूबाईंनी सगळ्या नातलगांना पाठवले — "आमची पोर बघा!"

२१ एप्रिल
प्रोटीन जवळजवळ नॉर्मल!!

२ मे
सलिलचा फोन. लग्नात फोटो नीट यावेत म्हणून नीरजाने गोळ्या गुपचूप सोडलेल्या. किडन्या बसल्या. डायलिसिस सुरू. रडत होता — "सुदेशभाऊ, घरात डॉक्टर असून... वहिनी कशा हो घेतात गोळ्या?"
मी फोन वैशालीला दिला.
ती म्हणाली, "नीरजाला द्या."