शेवटच्या ओळीतलं नाव

३ फेब्रु., सोम.
जुई, आधी तारीख घाल. मागच्या वेळी विसरलीस आणि मग मलाच विचारत बसलीस, "आजी, हे कधीचं?" मला अक्षर येत नाही, तुला आठवण राहत नाही. दोघी मिळून कशीबशी एक बाई होते.
लक्ष्मम्माच्या आईचं तेलुगू भजन आज पुरं मराठीत आलं. पद्धत नेहमीची. शेजारची लक्ष्मम्मा आमच्या ओट्यावर तांदूळ निवडत म्हणते, अर्थ सांगते. मी भाजी चिरत ओळ बांधते. चाल तीच. 'तुझ्या दारी ठेविले दिवसाचे ओझे' ही ओळ तीन दिवस अडली होती, दोडक्याच्या शिरा काढताना सुटली.

४ फेब्रु.
चिक्कडपल्लीच्या भजनी मंडळात म्हटलं. बायका टाळ खाली ठेवीनात. शेवटी कवीचं नाव आल्याशिवाय आपल्याकडे भजन संपत नाही, आणि मूळ गाण्यात नावच नाही. सेक्रेटरी विमल म्हणाली, "ताराबाई, तुमचं घाला. शुक्रवारी पुस्तिका छापायला जाते. नाहीतर खाली 'पारंपरिक' छापते."
चाळीस वर्षं शेजारी बसून करतोय, पारंपरिक कसलं? तिथल्या तिथं 'लक्ष्मी म्हणे' घातलं. छान बसलं.

५ फेब्रु.
छान कुठलं. लक्ष्मम्मा ऐकून उठलीच. "नक्को अक्का. देवाच्या गाण्यात माझं नाव? आईनं स्वतःचं घातलं नाही, मी कोण?" सूप उचलून गेली. तांदूळ अर्धेच निवडलेले.

६ फेब्रु.
आली नाही. भिंतीपलीकडे मिक्सर ऐकू येतो, म्हणजे बरी आहे.
जुई म्हणते, "मग तुझंच घाल ना. बसतं की."
बसतं गं. बोटांवर मोजून पाहिलं मी, दोनदा. म्हणून तर...
हे लिहू नको. लिहिलंस? असू दे.

७ फेब्रु., शुक्र.
विमलचा फोन. म्हटलं, उद्या सांगते. कुरकुरली, पण थांबेल. पुस्तिकेत माझ्याच अकरा चाली आहेत.
शेवटच्या ओळीत नावाची जागा मोकळी ठेव. नुसती रेघ मार. लक्ष्मम्माला विचारल्याशिवाय काही भरायचं नाही, माझंही नाही.
तुझ्या आईला सिकंदराबादला फोन कर. म्हणावं, सकाळी धपाटे पाठव, सोबत घट्ट दही. लसूण घालू नको, लक्ष्मम्माचा शनिवार असतो. आणि मोठ्या स्टीलच्या डब्यातच दे. तो डबा लक्ष्मम्मा कधी रिकामा परत करत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवत नाही.