बावीस रकाने

५ नोव्हेंबर १९७३, सोमवार

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, नागपूरच्या गांधीबागेत एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं आयुष्य बदललं. वेळ नक्की आहे. भिंतीवर विकायला ठेवलेली सात घड्याळं होती, त्यातलं एक चालू होतं.

गेलो होतो ट्रान्झिस्टर विकायला. प्लॅन पक्का : ट्रान्झिस्टर विकायचा, सेकंडहँड कॅमेरा घ्यायचा, महाल भागात फोटो स्टुडिओ टाकायचा. पुढच्या दिवाळीला दुसरी शाखा. कॉलेज मी ऑगस्टमध्येच सोडलं. फिजिक्सच्या सरांनी भर वर्गात मला 'सावनेरचा बैल' म्हटलं, मी डस्टर फेकलं. लागलं फळ्याला, पण मुद्दा पोचला. सावनेरला बाबूजींना अजून कळवलेलं नाही. उद्घाटनाची पत्रिकाच पाठवीन.

जागेचं नाव 'विश्वास खरेदी-विक्री केंद्र'. आपली जुनी वस्तू तिथे ठेवायची, ते गिऱ्हाईक पाहून देतात. काउंटरवर एक मुलगी. मालकांनी तिला तारा म्हणून हाक मारली, म्हणून नाव कळलं. तिने माझं नाव विचारलं. मग पूर्ण नाव. मग वडिलांचं, मग गावाचं. आजवर एकाही मुलीने मला सलग चार प्रश्न विचारलेले नाहीत.

फॉर्म दिला. बावीस रकाने आहेत. घरी आणलाय.

६ नोव्हेंबर

फॉर्म वाचला. किळस आली. ट्रान्झिस्टर विकायचा आहे की मला? रकाना ७ : वय. रकाना ९ : शिक्षण. रकाना १० : व्यवसाय. रकाना १४ : वस्तू आपल्याकडे कशी आली. कशी येणार, एसटीने आली. घ्यायचा असेल तर खुंटी पिळून बघा, आवाज येतो की नाही. माझं शिक्षण वाढल्याने विविध भारती जास्त स्पष्ट लागणार आहे का?

रकाना ९ मध्ये 'बी.एससी.' लिहिलं. पुढे 'अपूर्ण' लिहायला जागा नव्हती.

असल्या लोकांशी व्यवहार करायचा नाही. हे फायनल.

संध्याकाळ. फॉर्म देऊन आलो. ताराने वाचला. पूर्ण वाचला. पास का, असं विचारलं. निकाल यायचा आहे, असं मी म्हटलं. तसं पाहिलं तर येणारच नाही, पण 'यायचा आहे' हे खोटं नाही.

८ नोव्हेंबर

रेशनकार्ड मागितलं. माझं नाव सावनेरच्या कार्डावर आहे. मालक मारोतराव मान हलवून म्हणाले, मग तुम्ही तुम्हीच आहात हे कशावरून? मी म्हटलं, मी तुमच्यासमोर उभा आहे. तर म्हणाले, "उभा तर चोरबी राहते गा."

माझा हात डस्टर शोधू लागला. पण तारा समोर होती.

नंतर कारण कळलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडून एक सायकल विकली गेली. ती चोरीची निघाली, आणि ती घेणारा निघाला पोलीस जमादार. तेव्हापासून यांना भगवान शंकर जरी डमरू विकायला आला तरी कैलासाचा दाखला लागतो. एका सायकलपायी आख्ख्या नागपूरला चोर ठरवलं. थू.

मागच्या खोलीत मारोतरावांच्या पत्नी कुसुमताई बसतात. त्यांच्याकडे सारख्या बायका येतात, पिशवीतून फोटो काढतात, खाली ठेवतात, हळू बोलतात. फ्रेमचा धंदा असावा. स्टुडिओ निघाला की बोलून ठेवायला हवं.

९ नोव्हेंबर

पुन्हा जाणार नाही असं काल ठरवलं होतं. पण ट्रान्झिस्टर तिथे पडलाय. त्याला एकदा बघून यायला नको?

बघून आलो. बरा आहे. तिने आज पोपटी साडी नेसली होती.

१२ नोव्हेंबर

नवीन फर्मान : फोटो, आणि त्यावर गॅझेटेड ऑफिसरची सही. या शहरात माझ्या ओळखीचा असा एकच इसम. पूर्वी सावनेरला होते ते जनावरांचे डॉक्टर. हल्ली इकडे बदलून आलेत. दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांचा हात कोपरापर्यंत एका म्हशीत होता. म्हणाले, "वळखतो ना गा. तुमच्या ढवळ्याले म्याच टोचलं होतं."

हात धुऊन त्यांनी फोटोवर सही केली, शिवाय न मागता दाखला लिहिला : 'यांस लहानपणापासून ओळखतो. प्रकृती निरोगी. चारही खूर चांगले.' मग शेवटचं वाक्य खोडून 'स्वभाव बरा' केलं. शिक्का पशुवैद्यकीय.

हा कागद मी तिच्या हातात दिला. देवा. तिने ओठ दाबून घेतले. भावना आवरत होती, हे स्पष्ट दिसलं.

१३ नोव्हेंबर, पहाटे

उलगडा झाला. मी इतका हुशार असून आठ दिवस कसे लागले?

मालकाला हवी आहे फक्त ओळख. पण ती? प्रत्येक वेळी ती आणखी एक कागद काढते. कागद पूर्ण झाले तर माझं येणं बंद होईल, म्हणून. आणि मुलीच्या जातीने सरळ विचारायचं कसं? ती रकान्यांतून विचारते.

मी तिचं काम सोपं करायचं ठरवलंय. फॉर्मला एक पुरवणी जोडतो : उंची पाच फूट सात इंच. वर्ण निमगोरा. जन्मवेळ, रास, कूळ, मामकूळ. शेती चौदा एकर ओलिताची, संत्र्याची झाडं दोनशे. एक बहीण, तिचं लग्न झालेलं. व्यसन नाही. (पान धरत नाही.)

दुपार. सकाळी सुवाच्य अक्षरात लिहून दिली. ताराने दोनदा वाचली. मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, हे सगळं जोडायचं का? जोडायचंच, असं मी म्हटलं. काहून, असं तिने विचारलं. मी म्हटलं, समजणाऱ्याला समजेल.

ती म्हणाली, "असं होय!"

एवढंच बोलली. पण कसं बोलली!

१६ नोव्हेंबर

दोन प्रतिष्ठित इसमांच्या शिफारशी. पहिली सही माझ्या खोलीच्या मालकीणबाई यमुताईंची. त्यांनी 'मुलगा रात्री वेळेवर येतो, चिडला की भांडी आपटतो पण फोडत नाही' असं लिहिलं. प्रतिष्ठा ही अशी.

दुसरा कागद कॉलेजचा चालेल, असं मारोतराव म्हणाले. नाक मुठीत धरून गेलो. दाखला मिळाला. वर्तणूक : तापट. कॉलेज सोडल्याचे कारण : डस्टर. मी तिथेच टराटरा फाडला आणि हेडक्लार्कच्या टेबलावर उधळला. मग बाहेर व्हरांड्यात दहा मिनिटं थांबून, आत जाऊन, सगळे तुकडे गोळा केले. एक हेडक्लार्कच्या चहात पडला होता.

घरी कणकेच्या खळीने चिकटवला. 'डस्टर' नेमकं शाबूत राहिलं. म्हणजे निकाल 'यायचा' नाही हेही आता उघड. पण तिच्यापासून लपवून काय करायचं? प्रेमात सत्य हवं. शिवाय दुसरा कागद नाही.

१९ नोव्हेंबर

हद्द झाली. मारोतरावांनी रेडिओचं लायसन्स मागितलं. पोस्टाचं ते लायसन्स बाबूजींच्या नावावर. म्हणजे ट्रान्झिस्टर त्यांचा, त्यांचं संमतिपत्र आणा. इंग्रजी बातम्या ऐकायला म्हणून मी तो घरून आणला होता. हे त्या माणसाला सांगून उपयोग नव्हता.

पत्र आणलं. म्हणजे लिहिलं. मुलगा लिहितो तेव्हा बापच लिहीत असतो, रक्त एक. पण ताराने पत्र आणि पुरवणी शेजारी ठेवली आणि हळूच म्हणाली की शाईसुद्धा एकच दिसते.

मारोतरावांनी ड्रॉवरमधून एक पोस्टकार्ड काढलं आणि माझ्यादेखत सावनेरचा पत्ता घातला. त्या माणसाचा मला इतका तिटकारा आलाय की जिना उतरताना त्याच्या कठड्यालाही हात लावला नाही. एकदा घसरलो.

सकाळच्या गाडीने सावनेरला जाऊन पोस्टमनला गाठावं का? पण घरी काय सांगू? कॉलेज चालू असताना कसा आला, असं विचारतील.

काळजीचं कारण नाही. कार्ड पोस्टात टाकायचं काम ताराचं. ती टाकणार नाही.

२० नोव्हेंबर

ताराने कार्ड घेतलं, पण पोस्टात न जाता मागच्या खोलीत कुसुमताईंकडे नेलं. माझी पुरवणीही सोबत नेली. आतून हसण्याचा आवाज आला. एका स्त्रीने दुसरीजवळ मन मोकळं केलं, दुसरं काय. नंतर ती टाइपरायटरवर बसली. पुरवणी टाइप केली. मी मोजलं, कार्बन लावून तीन प्रती. स्वतःजवळ ठेवायला एक पुरली असती. तीन!

तुळशीची लग्नं उरकली, मुहूर्त निघाले. सोमवारी विचारून टाकतो.

२३ नोव्हेंबर

तालीम. 'तारा, मला तुमच्याशी बोलायचं आहे.' आरशासमोर ठीक होतं. यमुताईंनी भिंतीपलीकडून विचारलं, कोणाशी बोलून राहिले जी?

२६ नोव्हेंबर, सोमवार, दुपार

क्रमाने लिहितो.

इस्त्रीचा शर्ट घालून केंद्रात गेलो. काउंटरजवळच्या बाकावर बाबूजी बसले होते. मांडीवर ट्रान्झिस्टर. शेजारी पिवळ्या पटक्याचे एक गृहस्थ, आणि त्यांच्या हातात माझा चिकटवलेला दाखला. कुसुमताई पेढे वाटत होत्या.

फ्रेमचा धंदा नाही त्यांचा. सोयरिकी जुळवतात.

मारोतरावांच्या कार्डावर ट्रान्झिस्टरची चौकशी चारच ओळींत संपली. उरलेल्या जागेत कुसुमताईंनी स्थळ लिहिलं. कार्ड वाया जायला नको. टाइप केलेली एक प्रत काटोलला गेली. फोटो माझाच. इकडे फॉर्मवर 'वस्तूचे नाव' या रकान्यातला ट्रान्झिस्टर खोडलेला.

पटकेवाले गृहस्थ काटोलचे. मुलीचं नाव पंचफुला. मला न्याहाळून ते बाबूजींना म्हणाले, "बाकीचे पोराचं फक्त चांगलं सांगतात. याच्या कागदात तर डस्टरबी हाय. अशा घरी पोरगी द्याले भेव नाही."

बाबूजी माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "ऑगस्टपासून काय करून राहिला गा?" मी म्हटलं, स्टुडिओ. त्यांनी स्टुडिओ कुठे आहे ते विचारलं. मग ट्रान्झिस्टरची खुंटी पिळून बंद केली. तो आधीपासूनच बंद होता.

मी ताराकडे वळलो. तालीम केलेली होती. 'तारा, मला तुमच्याशी' इथपर्यंत आलोही. तर तीच बोलली.

"मले पहिल्याच दिवशी समजलं होतं जी. तुमाले लग्नाचं बोलाची लाज वाटून राहिली, म्हणून रेडिओचा बहाणा. त्या दिवशी तुम्ही म्हणले ना, समजणाऱ्याले समजते. म्हणून म्याच ताईले सांगितलं." आणि मग जरा घाबरून, "चुकलं का माझं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तीही. जिला बावीस रकाने पाठ आहेत, तिने मला हा तेविसावा प्रश्न विचारला. मी ज्याच्यासाठी इथे येत होतो ते उत्तर माझ्या तोंडात होतं. अख्खं.

मी म्हटलं, "नाही. बरोबर आहे तुमचं."

ती इतकी खूश झाली की तिने स्वतःच्या हाताने मला पेढा दिला. मी खाल्ला. मारोतरावांनी फॉर्म घेतला आणि त्यावर शिक्का मारला : ओळख पटली.

चार वाजता

बाबूजी खाली सायकलरिक्षात बसलेत. साडेचारच्या गाडीने काटोल. मुलगी बघायला. मी येणार नाही, हे त्यांना ठणकावून सांगायचं मी ठरवलं आहे. माणूस म्हणजे काय गांधीबागेतला माल आहे का, कार्ड पाठवलं की पोचवायचा? सांगणार. रिक्षात बसल्याबरोबर सांगणार. निदान एसटी सुटायच्या आत.

खालून बाबूजींची हाक आली. यमुताई विचारतात, कंगवा सापडला का? सापडला. भांग डावीकडून पाडलाय, फोटोत आहे तसा, नाहीतर तिथे पुन्हा कोणी विचारायचं, हा तोच का म्हणून.

निघतो. दार लावून घेतो.