बंदरावरची दारं

चि. सौ. धाकटीस दादाचा आशीर्वाद.

तुझ्या सासूबाईंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? निघाली असेल तर आता त्यांना तुझ्या स्वयंपाकघरातली धूळही दिसू लागेल, सांभाळून राहा. यजमानांचा खोकला कसा आहे? (तो खोकला कमी आणि चहा मागायची रीत जास्त, असं तुझी वहिनी म्हणते, मी नव्हे.) भाचीची अक्कलदाढ आली का? नुसती दाढ आली तरी पुरे, अक्कल मागाहून येते. आम्ही दोघं ठीक. वहिनीचे गुडघे जिना दिसला की कुरकुरतात, एवढंच.

थोरल्याला त्या जुन्या बंदराच्या गावात, गोदीत नोकरी लागली आहे आणि आम्ही म्हातारा-म्हातारीनेही तिकडेच राहायला यावं म्हणून तो आणि सूनबाई हात धुऊन मागे लागले आहेत, हे तुला ठाऊकच आहे. मेलो तरी हे घर सोडणार नाही, असं मी तुझ्यादेखत म्हणालो होतो, तेही आठवत असेल. तर परवा दुपारी ‘नुसते पाय मोकळे करून येऊ’ म्हणून पोरांनी आम्हाला तिकडे नेलं. पाणी कुठे मुरतंय ते मी ओळखलं. म्हटलं चला, गावाचे दोष तरी समक्ष काढून येऊ.

आता सुताराने दोष काढायचे ते कशात? लाकडात. खारा वारा लाकूड खातो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. (लिहिणाऱ्याने ते गाव पाहिलं नसावं.) धक्क्याला लागून जुन्या कप्तानांच्या घरांची लांबच लांब रांग आहे. दारं थेट रस्त्यावर, समोर पाणी, आणि पाण्यावरचं ऊन दारांवर हलत असतं. पहिल्याच दारावर मी बोटाच्या पेराने टकटक केली. भरीव. पैलवानाच्या पाठीवर थाप मारावी तसा आवाज. म्हटलं, एखादं चुकून टिकलं असेल. दुसरं वाजवलं, तेही तसंच. पुढच्या चौकटीचा जोड तर असा की नख शिरेना. ज्याने ती बसवली त्याला मनातल्या मनात नमस्कार केला आणि पुढचं तरी पोकळ निघेल या आशेने चालत राहिलो.

दारांच्या आत माणसं असतात आणि बाहेर टकटक झाली की ती उघडायला येतात, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मी पुढच्या दाराशी जाईपर्यंत मागचं उघडायचं, आणि गुडघे सांभाळत येणारी तुझी वहिनी नेमकी तिथे पोहोचलेली असायची.

“कोण हवंय?”

“कुणी नाही हो. आमचे हे लाकूड बघतायत.”

“विकायचं नाहीये.”

“त्यांना घ्यायचंही नाहीये. नावं ठेवायचीत.”

रांगेच्या टोकाला जाऊन मागे वळलो तर सगळी दारं सताड उघडी, पायऱ्यांवर बायका, आणि मधोमध कुणाच्या तरी खुर्चीत हातात कप घेऊन तुझी वहिनी. एक आजी तिला गुडघे कसे शेकायचे ते शिकवत होत्या, दुसरी समोरच्या जहाजांच्या खोडी सांगत होती. घरी दिवसभरात चार शब्द बोलणारी बाई हातवारे करून बोलत होती. (इथे ती बोलणार तरी कुणाशी? आमच्या गल्लीतले सगळे पोरांकडे गेले, दारांना कुलपं.)

“सापडलं का पोकळ?” तिने लांबूनच विचारलं.

“शोधतोय.”

“सावकाश शोधा. मी बसलेय.”

“बाबा, अजून मागची गल्ली राहिलीय,” सूनबाई तोंड वळवून म्हणाली. तीही पाहून आलो. तिथलीही भरीव.

परतताना वहिनी पुन्हा गप्प. तेवढं एक मला बरं वाटलं नाही.

तुझा,
दादा

ता. क. मी माझ्या शब्दावरून तसूभरही हललेलो नाही.

ता. क. आणखी एक. पण हलायचं तर निमित्त लागतं. तेव्हा तू मला एक खरमरीत पत्र लिही: ‘दादा, हट्ट पुरे, मुकाट्याने पोराकडे जा.’ धाकट्या बहिणीचं मन मोडवत नाही, असं मी चारचौघांत सांगेन. (जरा जास्तच रागाव. साध्या रागाला मी बधत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.) आणि लवकर लिही बाई. वहिनीने भांडी बांधायला काढली आहेत, आणि मी अजून नाहीच म्हणतो आहे.