सुजेचं माप

१२ सप्टेंबर २०२४, गुरुवार

काल सुई झाली. उजव्या मांडीत, वरच्या बाजूला. आज अंगात कणकण आहे, शिलाई मशीनवर बसवत नाही, म्हणून ही वही काढली. दवाखान्यानं एक दिलीच आहे — ताप किती, सूज किती, जेवण गेलं का. तिच्यात मनातलं लिहायला चौकट नाही. ही माझी. लेकीची, हर्षालीची दहावीची भूगोलाची वही, मागची पानं कोरी होती.

वर्ष झालं डाव्या बाजूची गाठ काढून. छाती गेली, केस गेले, केस परत आले. आता अंगात काही नाही असं रिपोर्ट म्हणतो. पण ही बया परत येते. न सांगता येते. ती येऊ नये म्हणून एक लस तयार करतायत आणि तिच्या चाचणीत आम्ही सहा बायका इकडच्या. दवाखान्याची जीप मुरूमहून निघते, अणदूरला हायवेवर मला घेते आणि सोलापूरला नेते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "गाठीच्या पेशीवर एक खूण असते. त्या खुणेचा बारीक तुकडा, नऊ मण्यांच्या माळेएवढा समजा. त्याला पेप्टाइड म्हणतात. तो तुमच्या शरीराला आधीच दाखवून ठेवायचा. पुढं तशी पेशी दिसली की शरीरच तिला धरेल."

मी म्हणाले, साडीची चिंधी घेऊन दुकानात मॅचिंग अस्तर शोधतो, तसं? त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आता मी सगळ्यांना असंच सांगणार."

दुपारी ग्लानी आली. दिसलं काय, तर माझ्याच अंगात एक लांबच लांब कापडबाजार. लाल उजेड. बारीक बारीक बायका पदर खोचून हिंडतायत, प्रत्येकीच्या हातात एकच चिंधी. ह्या ठाणाला लाव, त्या ठाणाला लाव. एक थकून माझ्या बरगडीवर बसली आणि म्हणाली, लई मोठं दुकान आहे बाई. जाग आली तेव्हा हसू येत होतं.

१३ सप्टेंबर

अठ्ठेचाळीस तास झाले. लाली मोजली. दवाखान्यानं दिलेली प्लॅस्टिकची पट्टी मांडीवर वाकतच नाही, इकडं धरली की तिकडं उचलते. शेवटी गळ्यातली टेप लावली. सव्वादोन.

लिहून टाकलं.

९ ऑक्टोबर

दुसरी सुई.

जीपमध्ये माझ्या शेजारी सरुबाई असतात. मुरूमच्या. साठीला टेकलेल्या, अजून लोकांच्या रानात खुरपायला जातात. पहिल्या खेपेला त्यांचा ब्लाऊज पाहिला — एका बाजूला रुमाल कोंबलेला, सारखा वर सरकायचा. त्यांच्यासाठी मी कापडी छाती शिवली होती, आत मोहरी भरून, वजन यायला पाहिजे ना. आज घालून आल्या. आरशात बघावं तशा जीपच्या काचेत बघत होत्या. "शिवगंगा, देवानं एक नेलं, तू एक दिलीस," म्हणाल्या.

मग पट्टीचं निघालं. सगळ्यांचीच तक्रार, वाकत नाही म्हणून. मी जुन्या दोन टेपा कापून सहा-सहा इंचांचे तुकडे आणलेच होते, वाटून टाकले. सगळ्या खूश. सरुबाईंनी तर बटव्यात ठेवला.

श्रावस्ती — तिथली नर्स, बेंबळीची पोरगी, फार गोड — आज तिला विचारलंच. खरी लस कुणाला? ती म्हणाली, "ताई, निम्म्यांना खरी, निम्म्यांना साधं पाणी. कुणाला काय ते मलाही माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. सगळं पाकिटात बंद."

सूज आली म्हणजे खरीच की?

"तसं काही नसतं. साध्या सुईनंही येते."

ती असंच म्हणणार. तिला तसं सांगायला शिकवलं असणार.

११ ऑक्टोबर

अडीच. वाढली!

हे शेतातून आले तर मी मांडीला टेप लावून एकटीच हसत बसलेली. म्हणाले, "लोकं सूज उतरली की हसतात." आमच्या ह्यांचं बोलणं दिवसाला चार वाक्यं. त्यातलं एक हे.

२५ ऑक्टोबर

सरुबाईंचा फोन. त्यांची लाली टेपवर अर्धीच. अर्ध्याच्या पुढं सरकत नाही. "माझं पानीच हाय बग," म्हणाल्या. मी म्हणाले, मावशी, सूज आली न आली, त्याचा काही संबंध नसतो. श्रावस्तीचंच वाक्य. माझा स्वतःचा त्याच्यावर विश्वास नाही आणि त्यांना ते ऐकूनच कळलं असणार.

८ नोव्हेंबर

तिसरी झाली. पावणेतीन.

कापडबाजारवाल्या बाया आता माझ्या ओळखीच्या झाल्यात. सुईनंतरच्या दुपारी येतातच. आज एक म्हणाली, चिंधी धुऊन धुऊन विटली तर काय करायचं? मी म्हणाले, विटत नाही, रंग पक्का आहे. कुठून म्हणाले कोण जाणे.

ताप असला तरी ह्या दुपारी मला आवडायला लागल्यात. भिंतीवर लिंबाची सावली हलते. मशीनचं पायडल आपोआप वरखाली होतंय असं वाटतं. भीती म्हणून वाटत नाही. वर्षभर रोज आंघोळीला गेलं की काखेत हात जायचा, गाठ चाचपायला. महिना झाला, गेलेला नाही.

२ डिसेंबर

खंडोबा नळदुर्गला गेला. आता पावणेदोन महिने तिकडं. लग्न होऊन आले तेव्हा मला फार नवल वाटायचं — अणदूर नि नळदुर्ग, दोन गावांत एकच मूर्ती, लेखी करार करून न्यायची नि आणायची! ह्यांना विचारलं होतं, देव गेल्यावर गावाला करमतं कसं? म्हणाले, "येतो की परत."

परत येणं म्हणजे इथं आनंदाची गोष्ट. गाव नटतं. माझ्या एकटीलाच तो शब्द नको झालाय.

६ डिसेंबर

चौथी. तीन. मऊ, गरम. हात ठेवून झोपले.

२८ डिसेंबर

लिहू का नको असं होतंय.

हर्षालीला प्रॅक्टिकलला टेप पाहिजे होती. घेऊन गेली, आणून टाकली, म्हणाली, "आई, तुझ्या टेपची एक बाजू घासून पांढरी झालीय आणि दुसरी नवीकोरी. कधी वापरतच नाहीस का?"

दुसरी बाजू म्हणजे सेंटिमीटरची. बावीस वर्षं शिवतेय. छाती छत्तीस, कंबर तीस, बाही नऊ. सगळं इंचात. माप म्हणजे इंच, त्यात विचार कसला करायचा. मी "बरं" म्हणाले आणि काज करायला घेतलं. तिसऱ्या काजाला सुई बोटात गेली.

दवाखान्याची वही काढली. लालीच्या चौकटीखाली बारीक अक्षरात छापलंय — सेंमी. चार महिने मी तिथं इंच लिहीत आले. सव्वादोन, अडीच, पावणेतीन, तीन. त्यांनी ते सेंटिमीटर समजून घेतले. उलटी बाजू लावून बघितली. तीन म्हणजे साडेसात!

मग सुरुवातीला दिलेला तो कागद शोधला. वाचून सही केली होती, सहीच नीट केली होती. लाली पाच सेंमीच्या वर गेली तर पुढचा डोस निम्मा. दोनदा गेली तर बंद. माझी चारही वेळा वर.

सांगितलं तर माझी लस बंद.

आणि तुकडे कापून सगळ्यांना वाटले मीच.

२९ डिसेंबर

नाही सांगितलं तर कुणाला कळणार आहे? कुणालाच नाही. पाचवी सुई एक तारखेला आहे. एवढी होऊन जाऊ दे. मग सांगू.

३० डिसेंबर, वेळा अमावस्या

सगळं गाव रानात. आम्हीही गेलो. कडब्याची कोप, आत पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा झाली. भज्जी, उंडे, खीर. आंबील दोन तांबे प्याले मी. ज्वारी डोक्याला लागतेय.

जेवून कोपीतच आडवी झाले. सगळी रानं बोलतायत असं वाटत होतं, दूरवर कुणीतरी हसतंय, कुठं भांडं पडलं. डोळा लागला. बाजार दिसला, पण आज त्या बाया हिंडत नव्हत्या. सगळ्या माझ्याभोवती ओळीनं बसलेल्या, चिंध्या पुढं केलेल्या. म्हणाल्या, माप दे. मी गळ्यात हात घातला तर टेपच नाही.

उठले. हे शेजारी बसून हुरड्याची कणसं निवडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी कणीस खाली ठेवलं नाही. निवडता निवडताच म्हणाले, "उद्या ही लस गावोगावच्या बाया घेणार. त्यांना किती द्यायची, ते तुमच्या मापावरूनच ठरवणार ना?"

हो.

"मग गिऱ्हाइकाचं कापड चुकीचं कापलं तर तू लपवतीस का?"

बावीस वर्षांत एकदाही नाही लपवलं. हे त्यांना माहीत आहे, म्हणूनच विचारलं. मला त्यांचा इतका राग आला की घरी येईपर्यंत बोलले नाही.

१ जानेवारी २०२५

जीपमध्येच सांगितलं, सगळ्यांना एकदम. नळदुर्ग ओलांडलं तसं. मग सरुबाईंनी बटव्यातून तुकडा काढला. "म्हंजे माझं अर्ध न्हाय?"

नाही मावशी. सव्वा होतं.

"सव्वा," त्या म्हणाल्या. तुकडा उलटसुलट करून बघितला. "म्हंजे व्हती की सूज माझी बी." आणि हसल्या! बाकीच्या माझ्यावर चिडायचं म्हणून बसल्या होत्या, त्यांची पंचाईत झाली.

श्रावस्तीचा चेहरा पांढरा पडला. मी वहीत खोडायला पेन काढलं तर तिनं हात धरला. "खोडायचं नाही ताई. जुनं दिसलं पाहिजे. त्याच्यावर एकच रेघ मारा, शेजारी खरं माप लिहा, सही, आजची तारीख." चार रेघा मारल्या, चार सह्या केल्या.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मांडी गोल असते आणि पट्टी सरळ, हे आम्हाला कळायला पाहिजे होतं." आज कुणालाच सुई नाही. सहाही जणींची सगळी तपासणी नव्यानं, सोनोग्राफीसकट, पंधरा तारखेला. माझी सुई बहुतेक बंदच.

परत येताना सरुबाई म्हणाल्या, "तूच शिवलीस, तूच उसवलीस. आता नीट शीव." मी खिडकीकडं तोंड करून रडले.

७ जानेवारी

श्रावस्तीचा फोन होता. नव्या टेपा आणल्यात, पण बायका पुन्हा इंचाचीच बाजू लावतील, काय करावं? मी म्हणाले, पाठवून दे. इंचाच्या बाजूवर पातळ कापडाची पट्टी शिवतेय. काळ्या दोऱ्यानं, दोन्ही कडांना टीप. आज वीस झाल्या.

आज दुपारी ताप नाही, सुईच नाही तर ताप कुठला. बाजारवाल्या बायांची आठवण आली. त्यांना निरोप कसा द्यायचा असतो?

१५ जानेवारी

तपासणी झाली. सोनोग्राफीवाल्या बाई डाव्या काखेत जरा जास्त वेळ थांबल्या. थंड जेल. मी छताकडं बघत होते, पंख्याचं एक पातं वाकडं होतं. मग एक बारीक सुई घालून थोडं काढून घेतलं. "नेहमीचंच," म्हणाल्या. सरुबाईंना पाच मिनिटांत सोडलं. त्या बाहेर माझी पर्स धरून बसलेल्या.

१८ जानेवारी

श्रावस्तीनं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा टेपांचंच विचारलं. दोन्ही वेळा ठेवायच्या आधी गप्प झाली.

२३ जानेवारी

देव परत आला. हलग्या वाजतायत.

रिपोर्टही आला. काखेत. आठ. मी विचारलं, कशात आठ? श्रावस्ती रडत होती, म्हणाली, "मिलिमीटर, ताई." परत विचारलं. मिलिमीटरच. माझी पुढची सोनोग्राफी खरं तर मे महिन्यात होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, मेमध्ये हे एवढंसं राहिलं नसतं. आता काढता येईल. सोमवारी या.

माझं पाकीट उघडून सांगू का म्हणाल्या — खरी होती का पाणी. नको म्हणाले. मला कळलं तर जीपमध्ये सगळ्यांना कळेल, आणि खरी निघो की पाणी, सरुबाईंच्या सव्वाला काही अर्थ उरणार नाही.

त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांचा नवा ब्लाऊज मशीनवर आहे. काखेत एक सेंटिमीटर सैल ठेवतेय.