कुंपणाबाहेरून पाढे

वालावल, शुक्रवार, १४ सप्टेंबर १९८४

गोवरामुळे शाळा बंद झाल्यापासून रोज घरोघर जाते आणि कुंपणाबाहेर उभी राहून पाढे विचारते. सुमन नेहमी खिडकीतून ओरडून उत्तर द्यायची. चार दिवस ती अंथरुणात आहे. डॉक्टरांनी आशा सोडल्याचं आज वाटेतच कळलं. तरी तिच्या घरापुढे का थांबले? खिडकीत कोणी नव्हतं. परत फिरणार, तोच तिची आई खिडकीत आली.

"जाव नकात, बाई. इचारा. चेडू ऐकता हा."

मी विचारलं, "सात सक?"

आतून काहीच आलं नाही. मग कधी शाळेत न गेलेली ती आईच म्हणाली, "चाळीस."

"बरोबर," मी म्हटलं. खिडकीकडे बघवेना. "सात साते?"