गुहेपर्यंतच्या पायऱ्या

दि. ९ मार्च, रविवार, दुपारचे अडीच

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहून टाकलं. आई जेवून पडली आहे. माझं चष्म्याचं दुकान आज बंद.

काल तुझं पार्सल आलं. न घसरणाऱ्या चटया, भिंतीला लावायचा दांडा, बसून आंघोळ करायचं स्टूल. एवढं सामान आलंय की बाथरूममध्ये आता पाय ठेवायला जागा नाही. "दोन वर्षं सांगतेय, ती फरशी बदल," असं तू फोनवर तीनदा म्हणालीस. मी एकदाही वाद घातला नाही. तुला नवल वाटलं असेल.

सहलीला मजा आली का, असं तू विचारलंस तेव्हा मी 'हो' म्हणून फोन आईकडे दिला होता. मजा कसली, ताई! सकाळी हत्तींचं अभयारण्य, दुपारी महादेवाची गुहा. एका दिवसात दोन्ही आरामात होतं, असं तुझ्या त्या वेबसाइटवर लिहिलं होतं. लिहिणाऱ्याने अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई बरोबर नेली नसावी. जाताना चार वेळा गाडी थांबवली. चौथ्यांदा आई म्हणाली, "आत्ता काही नाही, नुसतेच पाय मोकळे करते."

तिथे आम्हाला लाकडी मचाणावर उभं केलं. हत्ती लांब झाडीत. तासाभरात दोन शेपट्या आणि एक कान दिसला. तिथली बाई म्हणाली, "आम्ही हत्तींवर जबरदस्ती करत नाही. त्यांना वाटलं तरच येतात."

"बरंय यांचं," आई म्हणाली.

मग एका शेडमध्ये नेलं. दात झिजलेल्या एका म्हाताऱ्या हत्तिणीसाठी तिथे भोपळे बारीक चिरत होते. आईने राखणदाराच्या हातून सुरी घेतली, "असे चिरतात का?" म्हणून त्याला झापलं आणि अर्धी टोपली चिरून दिली. दोन वर्षांत तिला इतक्या खुशीत मी पाहिलं नव्हतं. हत्तीण आली, सोंडेने फोडी उचलून खात राहिली. राखणदाराने सहज विचारलं, "आजी, मुलं किती?"

"मुलगी आहे. लांब असते. मोठमोठ्या पुलांचे नकाशे काढते." मग तुझ्याबद्दल दहा मिनिटं. तुझी बढती, तुझं घर, तुझ्या खिडकीतून दिसणारी नदी.

"आणि हे?" त्याने माझ्याकडे बोट केलं.

"हा होय? हा घरीच असतो."

ती वाईट बोलली नाही, मला कळतं. पण गाडीचं दार मी जरा जोरातच लावलं.

गुहेपाशी पोचलो तर समोर एकशे नव्वद पायऱ्या. आई म्हणाली, "हळूहळू चढू. तू हात धर." मी म्हणालो, "काही नको. इथे बाकावर बस. दहा मिनिटांत येतो." ज्या आवाजात म्हणालो, तो लिहीत नाही. तिच्या मांडीवर पाण्याची बाटली ठेवली, माझा फोनही तिच्याच पिशवीत राहिला, आणि वर गेलो.

आत काळोख आणि गारवा. अख्ख्या डोंगरात कोरलेले खांब, मधोमध पिंड, छतातून ठिबकणारं पाणी. मी एका खांबाला टेकून बसलो. कोणी हाक मारत नव्हतं. कोणाची गोळी द्यायची नव्हती. किती वेळ बसलो ते बाहेर आल्यावर कळलं. सव्वा तास. राग तर पहिल्या पाच मिनिटांतच गेला होता, ताई. उरलेला वेळ मी सुखात होतो. आईची आठवणही झाली नाही.

उतरताना खालच्या पायऱ्यांवर घोळका दिसला. आई बेचाळीस पायऱ्या एकटी चढून आली होती. त्रेचाळिसाव्या पायरीवर घसरली. फुलं विकणाऱ्या बाईने आपली ओढणी तिच्या मनगटाला बांधली होती. मला बघून आई म्हणाली, "खालून हाका मारल्या रे. मग म्हटलं, वरच येऊन भेटावं."

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कशा पडलात? माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बाथरूममध्ये." तेच तिने तुला सांगितलं, आणि मी सांगू दिलं. महिना झाला. उजवाच हात मोडला, म्हणून मी तिला भरवतो, तिची वेणी घालतो. वेणी वाकडी होते. ती आरशात बघते आणि छान झाली म्हणते. एकदाही मला बोलली नाही. दोन शब्द बोलली असती तर मी सुटलो असतो. चिडचीड होते ती याचीच. मग ती मी गिऱ्हाइकांवर काढतो. परवा एकाला भलत्याच नंबरची काच बसवून दिली.

मघाशी जेवताना तिला म्हणालो, "ताईला खरं काय ते लिहितोय."

"कशाला? ती लांब आहे, जिवाला लावून घेईल."

"आणि मी?"

"तू तर तिथेच होतास."

"तिथेच तर नव्हतो, आई."

तिने घास तोंडात तसाच ठेवला.

प्लास्टर निघायला अजून दोन आठवडे आहेत. तेवीस तारखेपासून तीन आठवडे मी इथे नसेन. कुठे जाणार ते ठरलेलं नाही. तू ये. पैसे पाठवू नकोस, बाई शोधून देऊ नकोस, मला फोनवर समजावू नकोस. तूच ये.

हे धमकीसारखं वाटत असेल, म्हणून आणखी एक सांगतो. ताट उचलताना आई म्हणाली, "लिहितोच आहेस तर तिला ये म्हणून लिही. मला तिला 'ये' म्हणवत नाही."

म्हणून दोघांच्या वतीने लिहितो.

ये.

तुझा,
धाकटा